पाचोळ्याची होळी कशासाठी?

माघ महिन्याच्या अखेरची सकाळ होती. प्रयोगशाळेत साडेसातची तुकडी मिश्रण-पद्धतीने विशिष्ट उष्णता काढत होती. पितळी उष्मामापी, तपमापक, ढवळणी असा सर्व सरंजाम मांडलेला होता. इतक्यात खिडकीतून धूर आत येऊ लागला. खाली आवारात झाडलोट करणाऱ्या मावशींनी बदामाचा आणि कडुनिंबाचा पाला एका जागी गोळा करून पेटवला होता. एका मुलाने उठून खिडकी लावून घेतली आणि आम्ही पुन्हा उष्णतेच्या हिशेबाकडे वळलो. खाली त्या क्षणी किती उष्णता वाया चालली आहे, हा हिशेब कोणी मांडला नाही. मीही नाही. खरे सांगायचे तर तो धूर मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो आणि त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटलेच नव्हते.

तास संपल्यावर मी खाली जाऊन मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "न्यायचं कुठं सर? पोतं न्हाई, गाडी हिकडं येत न्हाई. पेटवलं की मोकळं." या उत्तराला माझ्याजवळ प्रत्युत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रत्युत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

परभणीसारख्या गावात अंगण अजून शिल्लक आहे. घरापुढे कडुनिंब, मागे पेरू किंवा सीताफळ, कुंपणाला मेंदी असे दृश्य पुष्कळ वस्त्यांत दिसते. शाळांची आवारे तर प्रशस्तच असतात. पौषापासून चैत्रापर्यंत ही सर्व झाडे पाने टाकतात आणि आपण ती जाळतो. ओला कचरा, प्लॅस्टिक, सांडपाणी यांवर सभा होतात, निबंधस्पर्धा होतात. पाचोळा मात्र 'स्वच्छ' कचरा समजला जातो आणि तो जाळणे म्हणजे स्वच्छताच. माझे मत असे आहे की, अंगणातला पाचोळा हा कचरा नाहीच, आणि तो जाळण्याची सवय प्रथम मोडायची असेल तर ती शाळेच्या आवारात मोडली पाहिजे. कारण ती का मोडावी हे समजून घेण्याची साधने शाळेच्या प्रयोगशाळेतच आहेत.

आता विज्ञानाकडे येऊ. जळणे आणि कुजणे या दोन अगदी निराळ्या क्रिया आहेत असे आपल्याला वाटते. परंतु त्यांचा गाभा एकच आहे. पानातील कर्बाचा प्राणवायूशी संयोग होतो, कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते, आणि उष्णता मुक्त होते. एक किलो कोरड्या पाल्यात सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता साठवलेली असते. ती सगळी कामी लावता आली तर चाळीस-पन्नास लिटर पाणी उकळीला येईल. पेटवलेला ढीग ही उष्णता पाच-दहा मिनिटांत उधळून टाकतो. कुजणारा ढीग त्यातली बरीचशी उष्णता तीन-चार महिने पुरवून पुरवून बाहेर टाकतो, आणि तिच्यावर अब्जावधी जिवाणू व बुरशी पोसल्या जातात. शिवाय कुजताना सगळा कर्ब उडून जात नाही. त्यातला काही भाग काळसर, भुसभुशीत अशा द्रव्याच्या रूपाने मागे राहतो. त्याला आपण ह्यूमस म्हणतो.

नत्राची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पाला जळताना त्यातील जवळजवळ सर्व नत्र वायुरूपाने निघून जातो. राखेत पालाश, स्फुरद आणि चुना राहतो, हे खरे; म्हणून 'राखही खतच आहे' असे म्हणणारे शेतकरी चुकीचे बोलत नाहीत. पण आपली काळी जमीन मुळातच अल्कधर्मी आणि चुनखडीयुक्त. तिला आणखी अल्क देऊन काय साधणार?

धुराचा त्रास हिवाळ्यात अधिक का होतो, हेही भौतिकशास्त्र सांगते. परभणीच्या थंडीची कीर्ती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याचे कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतील आकडे दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत झळकतात. निरभ्र रात्री जमीन उष्णता उत्सर्जित करून थंड होते आणि तिच्या लगतची हवाही थंड, म्हणून जड होते. वर उबदार हवा, खाली थंड हवा, असा उलटा क्रम लागतो. अशा वेळी धूर थोडा वर चढतो, थंड होतो आणि अडून राहतो. सकाळी सात वाजता पेटवलेल्या पाल्याचा धूर आडवा पसरतो, आणि तोही नेमका मुलांच्या नाका-तोंडाच्या उंचीवर. त्याच ढिगात गुटख्याच्या पुड्या आणि पिशव्या असतील तर त्या धुरात काय काय असेल ते सांगायला नको. २०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे जे नियम केले त्यांत बागेतला कचरा वेगळा ठेवावा आणि कचरा रस्त्यावर किंवा उघड्यावर जाळू नये असे स्पष्ट म्हटले होते. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये दंड सांगितला. दंडाने सवय मोडते यावर माझा फारसा विश्वास नाही. मावशींचा प्रश्न 'न्यायचं कुठं' हा होता. त्याचे उत्तर पावतीपुस्तकात मिळत नाही.

ते उत्तर आपल्या आजीला ठाऊक होते. प्रत्येक घराचा उकिरडा असे. शेण, गोठ्यातली गवताची चिपाडे, चुलीतली राख, अंगणातला केर, सारे तेथे पडे, आणि उन्हाळ्यात ते खत गाडीने शेतावर जाई. 'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' ही म्हण त्यातूनच आली. पण या म्हणीत एक दोषही दडलेला आहे. उकिरड्याचे काम दैवावर सोडलेले असे. खालचा थर पाण्यात सडत राही, वरचा उन्हात वाळून जाई, आणि पावसाने त्यातले सत्त्व वाहून जाई. उकिरड्याला शिस्त लावली तर काय होते, हे पाहण्याचा मोठा प्रयत्न आपल्या शेजारीच, होळकरांच्या इंदूरमध्ये झाला.

१९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ इंदूरच्या संस्थेत काम करीत होते. त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. संस्थेचा मुख्य विषय कापूस, म्हणजे आपल्या परभणीचेच पीक. कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्यांचे करायचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्या इतक्या चिवट की कुजता कुजत नाहीत. हॉवर्ड यांनी त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरल्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चेचल्या गेल्या, आणि मग शेण, माती व राख यांच्याबरोबर थर लावून त्यांचे खत केले. काडी चेचली की तिचे पृष्ठफळ वाढते आणि जिवाणूंना शिरकाव मिळतो. अवजड यंत्रावाचून केलेला हा प्रयोग मला फार आवडतो. ठरावीक ओलावा, ठरावीक दिवसांनी वरखाली करणे, आणि तीन महिन्यांत खत, ही 'इंदूर पद्धत' हॉवर्ड आणि वाड यांनी १९३१ साली पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली. पुढे हॉवर्ड यांचे नाव सर्वदूर झाले. वाडांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांतूनही क्वचितच येते, याची मात्र खंत वाटते.

दुसरे नाव आणखी जवळचे आहे. आपल्या कृषी विद्यापीठाला २०१३ साली वसंतराव नाईक यांचे नाव दिले गेले. ते नाईक यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याचे. त्याच पुसदचे शेतकरी नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या टाक्यात खत करण्याची पद्धत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. (ना-दे-पां असे असताना 'द'चा 'ड' कसा झाला? रोमन लिपीतून फिरून येताना झाला असावा.) टाके दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीत जागोजागी एकेक वीट सोडून ठेवलेले झरोके. सुमारे दीड टन काडीकचऱ्याला शेण लागते केवळ नव्वद ते शंभर किलो; बाकी चाळलेली माती आणि पाणी. वरून शेणमातीने लिंपून टाकायचे आणि भेगा पडतील तशा बुजवायच्या. साडेतीन-चार महिन्यांत खत तयार होते, आणि मध्ये ढीग उपसून वरखाली करावा लागत नाही. मापांकडे जरा लक्ष द्या. रुंदी सहा फूट, म्हणजे आतला कोणताही बिंदू जवळच्या भिंतीपासून तीन फुटांहून दूर नाही. झरोक्यांतून हवा आत पोहोचावी म्हणून हे माप किती बेताचे आहे! पांढरीपांडे यांनी विसरणाचे समीकरण मांडले होते की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. त्यांनी टाक्याकडून उत्तर काढून घेतले.

आता माझ्या फजितीची कथा. मावशींच्या प्रश्नानंतर मी उत्साहाने घरामागे दोन फुटांचा खड्डा खणला, त्यात पाला व स्वयंपाकघरातला ओला कचरा भरला, आणि पाइपने मनसोक्त पाणी सोडले. आठव्या दिवशी शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "सर, काही मेलंय का हो तुमच्याकडं?" एवढेच त्या म्हणाल्या. खड्डा उघडला तर काळा चिखल, अळ्या, आणि सडक्या अंड्यासारखा दर्प. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने अशी चूक करावी याची लाज वाटली, कारण कारण अगदी साधे होते. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने विसरण पावतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. पानापानांमधल्या पोकळ्या मी पाण्याने भरून टाकल्या होत्या. प्राणवायू तुटला, आणि त्यावाचून जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू झाले. दर्प त्यांचा. त्यांच्यापैकी काही मिथेनही सोडतात, आणि हवा तापवण्यात तो कार्बन डाय-ऑक्साइडपेक्षा कितीतरी जालीम आहे. आपल्या काळ्या मातीतून पाण्याचा निचरा होत नाही, हेही मी खड्डा खणताना विसरलो होतो. आपल्याकडे अंगणात खड्डा नको. जमिनीवर ढीग हवा.

दुसऱ्या वेळी जुन्या जाळीचे मीटरभर रुंद आणि तेवढेच उंच कडे केले. तीन पाट्या कोरडा पाला, एक पाटी हिरवे गवत आणि भाजीची देठे, वर शेणकाल्याचा शिडकावा आणि मूठभर माती, असे थर लावले. हे प्रमाण का? जिवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब मानवतो. कोरड्या पाल्यात हे गुणोत्तर पन्नासच्या आसपास असते, हिरव्या गवतात वीसच्या खाली, शेणात वीस-पंचवीस. नुसता कोरडा पाला कुजत नाही असे नाही, पण वर्ष-दीड वर्ष तिष्ठत राहतो. ओलावा किती? मूठभर ऐवज घट्ट पिळला तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये.

प्रयोगशाळेतला ११० अंशांचा तपमापक दोरीने बांबूच्या नळीत सोडून मी ढिगाच्या मध्यभागी ठेवला. पाचव्या-सहाव्या दिवशी पारा साठीजवळ गेला आणि दोन-तीन दिवस तेथेच रेंगाळला. बाहेर पहाटे तेरा अंश होते! तुकडीतल्या मुलांना मी ढिगातून निघणारी वाफ दाखवली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा: "सर, मग आमच्या गच्चीवरच्या कुंडीतलं खत का तापत नाही?" प्रश्न उत्तम होता. उष्णता निर्माण होते घनफळात आणि बाहेर पडते पृष्ठफळातून. एक मीटर बाजूच्या घनाला एक घनमीटरमागे सहा चौरस मीटर पृष्ठफळ असते. तीस सेंटिमीटर बाजूच्या घनाला वीस. कुंडीतही उष्णता निर्माण होते, पण ती साठण्यापूर्वीच निसटते. कुंडीतले खत होते, मात्र हळूहळू, आणि तणाचे बी मारण्याइतके ते तापत नाही. हत्ती आणि उंदीर यांच्या अंगच्या उष्णतेचे गणित विद्यार्थ्यांनी याच सूत्राने सोडवून पाहावे.

दुसरा प्रश्न एका मुलीचा होता: कडुनिंबाने किडे मरतात, मग जिवाणू मरणार नाहीत का? कडुनिंबातील कडू द्रव्यांचा जिवाणूंच्या काही जातींवर परिणाम होतो, हे खरे; नत्राचे रूपांतर मंदावावे म्हणून युरियाला निंबोळीच्या तेलाचा लेप देतात तो त्यासाठीच. पण ही द्रव्ये टिकाऊ नाहीत. ती स्वतःच कुजून नाहीशी होतात. कडुनिंबाच्या झाडाखाली शतकानुशतके पाला कुजत आलाच आहे. दुसरा हिरवा-कोरडा पाला मिसळला तर अडचण येत नाही.

आपल्या भागातील खरी अडचण आहे पाण्याची. एक किलो पाला पूर्णपणे कुजला तर त्यातून निघणाऱ्या उष्णतेने सहा-सात लिटर पाण्याची वाफ होऊ शकते. प्रत्यक्षात निम्माच पाला कुजतो आणि थोडी उष्णता अन्य वाटांनी जाते, तरी ढीग स्वतःला आतून वाळवत असतो हे ध्यानात ठेवावे. त्यात वरून आपला बेचाळीस अंशांचा वैशाख. म्हणून ढीग झाडाच्या सावलीत हवा, त्यावर ओले गोणपाट हवे, आणि पाणी पिण्याचे नव्हे, तर हात धुतल्याचे, भाजी-तांदूळ धुतल्याचे. शालेय पोषण आहारानंतर मुले जेथे हात धुतात तेथील पाणी ढिगाला सहज पुरेल. ज्या उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात, त्या उन्हाळ्यात ढीग तहानलेलाच राहू द्यावा. तो मरत नाही, झोपतो.

येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. पर्यावरण दिनाला शाळेत खतखड्डा खणण्याची पद्धत पडली आहे. फीत कापली जाते, छायाचित्र निघते, आणि दिवाळीपर्यंत तो खड्डा बाटल्या व वेष्टनांनी भरून जातो. मुले त्यातून एवढेच शिकतात की, खत करणे हा समारंभ आहे. यापेक्षा खड्डा न खणलेला बरा. तसेच पाचोळ्याच्या खताचे वारेमाप गुणगानही मला मान्य नाही. शंभर किलो कोरड्या पाल्यात नत्र जेमतेम एक किलो असते. तेवढा नत्र सव्वादोन किलो युरियातून मिळतो. अंगणातल्या खताने मराठवाड्याची शेती पिकणार नाही, आणि तसे मुलांना सांगूही नये. त्याचा उपयोग वेगळा आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात पायाला गोळा होऊन चिकटणारी आपली माती ह्यूमसमुळे कणीदार होते, पाणी मुरते आणि टिकते. दोन कुंड्या घ्या, एकीत नुसती काळी माती, दुसरीत तीन भाग माती व एक भाग खत. दोन्हींना मोजून पाणी द्या आणि रोज वजन करा. आठवड्याभरात जो आलेख मिळेल तो माझ्या शब्दांपेक्षा बोलका असेल.

शिक्षकमित्रांच्या शंका मला माहीत आहेत. साप-विंचू येतील ही सर्वांत मोठी, आणि ती खोटी नाही. म्हणून ढीग भिंतीपासून आणि वर्गापासून दूर असावा, त्यात शिजलेले अन्न टाकू नये म्हणजे उंदीर आणि त्यामागे साप येणार नाहीत, आणि ढीग वरखाली करताना हात न घालता काटकुळ्याचा उपयोग करावा, तोही मोठ्या माणसाच्या देखत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही दुसरी तक्रार. पण उष्णतेचे वहन, बाष्पीभवन, विसरण, पृष्ठफळ-घनफळ, नत्रचक्र, सूक्ष्मजीव हे धडे आपण शिकवतोच ना? ढिगाजवळ तपमापक, वही आणि दोन मुलांची पाळी एवढेच वाढवायचे आहे.

आमच्या आवारात आता दोन जाळीची कडी उभी आहेत. मावशी पाला तेथे आणून टाकतात. झाडण्याचे श्रम तेवढेच, पेटवून डोळे चोळण्याचे वाचले, असे त्यांचे म्हणणे. मात्र परवा त्यांनी पुन्हा मला कोड्यात टाकले. "सर, मे महिन्यात कालेज बंद. पाणी कोन घालनार?" या वेळी उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. सुट्टी लागण्याआधी एकदा भरपूर भिजवायचे, वर शेणमातीचा लेप द्यायचा, पुसदच्या टाक्यासारखा, आणि गोणपाट टाकून ठेवायचे. तरीही वाळला तर वाळू द्यायचा. मृगाचा पहिला पाऊस पडला की, चार दिवसांनी तपमापक पुन्हा आत सोडायचा आहे.